कोलंबोतलं कपाट, कँडीतलं पुस्तक

श्रीलंकेला चाललोय असं सांगितलं की ठरलेले प्रश्न येतात. बीच कुठला करणार? कसिनोत जाणार? अशोकवाटिका बघणार ना? 'आम्ही कागद बघायला चाललोय' असं उत्तर दिलं की मात्र पुढचा प्रश्नच येत नाही. समोरचा आपला चहाचा कप उचलतो आणि निमूट डेस्कवर जातो!

पण खरंच, २०२४ च्या फेब्रुवारीत मी आणि माझी आर्किटेक्ट मैत्रीण मुंबईहून कोलंबोला गेलो ते कागदांच्या मागे. म्हणजे इमारतींचे नकाशे, ट्रेसिंग पेपर, पत्रं, जुने फोटो. दोन आर्किटेक्टांचे कागद. दोघंही श्रीलंकेचे, दोघंही एकाच काळातले, दोघांच्याही घराण्यांचं तिथे वजन. एकाचे कागद इतके नीट सांभाळलेत की जगभरातले अभ्यासक आजही तिकडे धाव घेतात. दुसरीचे बहुतेक गेले. कुठे गेले, कोणी नेले, कशात बांधले गेले... आता सांगणार कोण?

आणि ही दुसरी आपल्या मुंबईत शिकलेली. जेजेमधून काढून टाकलेली! ते पुढे येईलच.

नकाशातली झाडं

सुरुवात दिल्लीत झाली होती. २०२३ च्या मार्च ते मे महिन्यांत इंडिया गेटजवळच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जेफ्री बावा यांच्या अर्काइव्हमधलं प्रदर्शन लागलं होतं. नाव होतं 'इट इज इसेन्शियल टू बी देअर'. मांडलेले कागद एकशेवीसहून जास्त. आता हे नाव म्हणजे गंमतच आहे, राव. इमारत समजून घ्यायची तर तिथे जायलाच हवं असं मानणाऱ्या माणसाचे कागद भिंतीवर लावायचे, तेही समुद्रापलीकडे दुसऱ्याच देशात!

पण ती ड्रॉइंग्ज बघितली की माणूस थबकतो. आपण फ्लॅट बुक करताना बिल्डर जो नकाशा हातात देतो ना, हॉल, बेडरूम, टॉयलेट, बाण आणि चौरस फूट, तसलं हे काही नाही. इथे घराचा छेद काढलाय आणि घराशेजारचं झाड पानापानासकट काढलंय. खिडकीतून काय दिसतं, तेही. झाडाची फांदी छपराला कुठे टेकते, तेही. भिंत दोन रेघांत आटोपलीय आणि चाफ्यावर मात्र दोन दिवस घालवलेत असं वाटावं. बावांच्या ऑफिसात लाकी सेनानायके आणि इस्मेथ रहीम यांच्यासारखे चित्रकार-ड्राफ्ट्समन होते आणि ही पानंफुलं बरीचशी त्यांच्या हातची. माझी मैत्रीण दिवसभर ऑटोकॅडमध्ये झाडाचा तयार 'ब्लॉक' चिकटवत असते. एका क्लिकला एक झाड. ती एका ड्रॉइंगसमोर वीस मिनिटं उभी होती. मग म्हणाली, "ह्यांनी साइटवर जाऊन झाडं मोजलीत गं."

यात एक मेख आहे, तीही सांगायला हवी. बावांची जी ड्रॉइंग्ज जगभर गाजली, त्यातली कित्येक इमारत उभी राहिल्यानंतर काढलेली आहेत. १९८६ मध्ये त्यांच्या कामावर एक मोठं पुस्तक निघालं, पांढऱ्या मुखपृष्ठामुळे सगळे त्याला 'व्हाइट बुक' म्हणतात. त्यासाठी ऑफिसातल्या तरुण मंडळींनी जुन्या कामांची नव्याने चित्रं काढली. थोडक्यात, हे अर्काइव्ह आपोआप साचलेलं नाही. आपण पुढच्यांना कसे दिसावं, याचा विचार तिथे आधीच झाला होता. माझी त्याला काही हरकत नाही. लग्नाचा अल्बम आपणही निवडूनच लावतो. पण निवडायला हाताशी माणसं, वेळ आणि पैसा लागतो, एवढं ध्यानात असू द्या.

गल्लीतलं घर

कोलंबोत बागतेल रोडजवळ ३३वी लेन आहे. तिथलं अकरा नंबरचं घर म्हणजे 'नंबर ११'. बावा मुळात वकील. केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले, मग जगभर भटकले आणि आर्किटेक्ट झाले ते १९५७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी! (आपल्याकडे अठ्ठावीसला करिअर बदलायचं म्हटलं तरी घरात सत्यनारायण घालतात.) पुढच्याच वर्षी त्यांनी या गल्लीतल्या चार छोट्या बंगल्यांच्या ओळीतला तिसरा बंगला भाड्याने घेतला. मग दहाएक वर्षांत जमेल तसे उरलेले तीनही घेतले आणि चौघांचं मिळून एक घर केलं.

आत शिरता ती गाडीच्या जागेतून. तिथे त्यांची १९३४ ची रोल्स रॉइस उभी आहे. तिच्या बाजूने पुढे गेलं की एक लांबलचक पांढरा बोळ. जमीन पांढरी, भिंती पांढऱ्या, आणि मधेच वरून उजेड पडतो तिथे एखादं हातभर रुंदीचं अंगण. चेट्टिनाडहून आणलेले जुने लाकडी खांब, ऑस्ट्रेलियन चित्रकार डोनाल्ड फ्रेंड यांनी रंगवलेला दरवाजा, ईना डिसिल्वांचं बाटिक. घर छोटंच आहे, पण संपतच नाही. गिरगावातल्या एखाद्या जुन्या वाडीत शिरल्यावर वाटतं ना, आता पुढे काय असेल, तस्संच. फरक एवढाच की इथे कोणी 'कोण पाहिजे?' विचारत नाही.

टूर आधी बुक करावी लागते आणि अर्काइव्ह हा काही टूरचा भाग नाही. पण ते टिकलं कसं, याचं उत्तर या घरातच आहे. बावा अविवाहित. त्यांनी १९८२ मध्ये, म्हणजे कामाचा धडाका चालू असतानाच, ट्रस्ट करून ठेवला. २००३ मध्ये ते गेले तेव्हा घर, बाग, वस्तू, नकाशे, पुस्तकं, फोटो यांना धनी होता. आणि घराला मिळकतही आहे. नंबर ११ मध्ये आणि त्यांच्या गावाकडच्या घरात पाहुण्यांना राहता येतं. अर्काइव्हच्या बाबतीत आपण भावुक होतो, पण प्रश्न असतो वीजबिलाचा.

कारण कोलंबोची हवा म्हणजे आपल्या मुंबईच्या ऑगस्टसारखी, आणि तीही जवळपास बारा महिने. ट्रेसिंग पेपर कालांतराने ठिसूळ होतो, घडीवर तडकतो. अमोनिया प्रिंट उजेडात ठेवली की रेघा फिक्या पडत जातात. दमटपणा आला की बुरशी, बुरशीच्या मागे कसर, आणि जमिनीलगत ठेवलं तर वाळवी आहेच. म्हणून मोठे नकाशे गुंडाळी करून कोपऱ्यात उभे करायचे नसतात. उथळ, रुंद खणांच्या कपाटात आडवे ठेवायचे, मधे आम्ल नसलेला कागद घालायचा, खोलीतला दमटपणा चोवीस तास आटोक्यात ठेवायचा आणि प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा. एसी बंद पडून चालत नाही, वीज जाऊन चालत नाही. आठवा, २०२२ मध्ये श्रीलंकेत काय चाललं होतं. पेट्रोलच्या रांगा, तासन्‌तास वीज गुल, रस्त्यावर माणसं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हे प्रदर्शन आधी कोलंबोत भरलं होतं.

मीठगंगेच्या काठी

कोलंबोहून दक्षिणेला बेंटोटाजवळ बावांचं गावाकडचं घर आहे, लुनुगंगा. १९४८ मध्ये घेतलेला पडीक रबराचा मळा, त्यावर त्यांनी पुढची पन्नास वर्षं बाग केली. सिंहलीत 'लुणु' म्हणजे मीठ. आपल्या 'लोण'चा सख्खा भाऊ, तोच जो लोणच्यात लपलाय. लुनुगंगा म्हणजे मीठगंगा. लाल माती, फणस, तळं, उतरत्या कौलांची घरं... सिंधुदुर्गातल्या माणसाला इथे एकदम मामाच्या घरी आल्यासारखं वाटेल.

कौलांवरून एक सांगते. बावांनी सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांवर अर्धगोल मातीची कौलं घातली. पत्रा पाणी अडवतो, कौल उन्हाचा ताप घेतं, आणि खालून-वरून दिसायला छप्पर जुन्या घराचंच. ही आयडिया पुढे श्रीलंकाभर पसरली. कोकणात दर मेमध्ये कौलं परतताना घरादाराचं जे काही होतं ते बघितलेल्या कोणालाही ह्या छपराचा छेद फ्रेम करून लावावासा वाटेल.

पण लुनुगंगात आम्हाला बघायचं होतं ते एक पाहुणं घर. ईना डिसिल्वा या बाटिक कलाकार बाईंसाठी बावांनी १९६० ते ६२ मध्ये कोलंबोत घर बांधलं. मधे मोठं अंगण, बाहेरून सगळं बंद, आतून सगळं उघडं. आजच्या श्रीलंकेतली अर्धी हॉटेलं ज्या घराची नातवंडं म्हणावीत, ते हे घर. २००९ च्या सुमारास प्लॉट विकला गेला. घर पाडलं जाणार हे ठरलंच. मग काय केलं असेल? मोजमापं घेतली, प्रत्येक भागाची नोंद केली, दारं-खिडक्या-दगड यांवर नंबर टाकले, सुटे केले आणि लुनुगंगाला आणून सात-आठ वर्षं खपून २०१६ पर्यंत पुन्हा उभं केलं. कागद असला की घर हलवतासुद्धा येतं! अंगणातले दगड पूर्वी जिथे होते तिथेच आहेत... फक्त 'तिथे' आता दुसरीकडे आहे.

हे सगळं वैभव बघून मैत्रीण खूश होती. मीही होते. पण बावांच्या आधी दहा वर्षं हीच वाट दुसऱ्या कोणीतरी पाडली होती, आणि तिच्यासाठी आम्हाला ट्रेन पकडायची होती.

म्हात्रे, मिस्त्री आणि मिनेट

मिनेट डिसिल्वा. जन्म १९१८, कँडी. वडील जॉर्ज डिसिल्वा राजकारणातले मोठे नाव, आई अ‍ॅग्नेस बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणारी. सिलोनमध्ये तो हक्क १९३१ मध्ये मिळाला. मुलीला आर्किटेक्ट व्हायचं होतं आणि सिलोनमध्ये आर्किटेक्चरचं कॉलेजच नव्हतं. म्हणून ती आली मुंबईला.

मुंबईत ती आधी 'मिस्त्री अँड भेडवार' या फर्ममध्ये उमेदवारी करायला लागली. तिथे पेरीन मिस्त्री होती, आर्किटेक्टची पदवी मिळवणारी भारतातली पहिली बाई म्हणून जिचं नाव घेतात ती. पेरीनच्या ओळखीने मिनेट जी. बी. म्हात्रे आणि मंडळींच्या खासगी क्लासला जाऊ लागली. हे म्हात्रे म्हणजे आपल्या आर्ट डेको मुंबईतलं मोठं नाव. मरीन ड्राइव्हचा सूना महाल त्यांचा, ओव्हल मैदानासमोरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला हा सगळा पट्टा तुम्ही रोज टॅक्सीतून बघता. वास्तुविशारद कमू अय्यर यांनी २००० मध्ये म्हात्रेंच्या कामावर पुस्तक केलं, म्हणून आज त्यांच्या इमारती एकत्र बघायला मिळतात. नाहीतर कितीजणांना माहीत असतं की ह्या गोल बाल्कन्या कोणी काढल्या?

क्लासनंतर मिनेट जेजेमध्ये दाखल झाली. दिवस चळवळीचे. गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात ती गेली. कॉलेजने सांगितलं, माफीपत्र लिही. तिने लिहिलं नाही. काढून टाकली!

जेजेचं आवार मला फार आवडतं. झाडं, किपलिंगचा बंगला, बाहेर सीएसएमटीची रणधुमाळी. व्हीटीहून चालत येणाऱ्या त्या गर्दीत साडी नेसलेली एक कँडीची मुलगी माफी न मागता बाहेर पडतेय, एवढं चित्र तरी डोळ्यांसमोर आणून बघा.

नंतर ती बंगलोरला ओटो केनिग्सबर्गर या जर्मन आर्किटेक्टकडे काम करायला गेली. १९४६ मध्ये मुंबईत मुल्कराज आनंद यांनी 'मार्ग' हे मासिक सुरू केलं, त्यात मिनेट आणि तिची बहीण अनिल दोघीही सुरुवातीपासून होत्या. (नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी: मुंबईला जुळं शहर हवं ही चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची कल्पना १९६५ मध्ये ह्याच 'मार्ग'मध्ये छापून आली होती.) अनिल तर इप्टाची पहिली सरचिटणीस. म्हणजे या दोन बहिणींशिवाय चाळीसच्या दशकातली मुंबई लिहिताच यायची नाही. तरी आपण लिहितो.

मग मिनेट लंडनला गेली. १९४७ मध्ये इंग्लंडात ब्रिजवॉटरला जगातल्या आधुनिक आर्किटेक्टांची परिषद भरली, तिथला ग्रुप फोटो बघाच. कोर्बुझिए, ग्रोपियस, सगळे सूटबूटवाले, आणि त्यांच्यात साडीतली मिनेट. १९४८ मध्ये ती ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेची असोसिएट झाली, पहिली आशियाई बाई. आणि सगळे तिकडे राहायच्या गोष्टी करत असताना त्या परत आल्या. कँडीला, आईवडिलांच्या घरी, 'सेंट जॉर्जेस'मध्ये. तिथेच ऑफिस थाटलं.

आदल्या रात्री आलेली गाडी

कोलंबो फोर्टहून कँडीची गाडी तीनएक तास घेते. शेवटचा घाट खंडाळ्याची आठवण करून देतो, फक्त इकडे वडापाव नाही, वडे आहेत. डाळीचे, वर अख्खी कोळंबी लावलेले. सॉल्लिड!

कँडीत मिनेटबाईंनी १९४९ ते ५१ मध्ये करुणारत्ने कुटुंबासाठी घर बांधलं. डोंगरउतारावर, वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवलेलं. काँक्रीट आणि काच होती, पण त्यासोबत दुंबरा भागात विणतात त्या चटयांची तावदानं होती, कँडीच्या नृत्याच्या आकृत्या असलेल्या मातीच्या टाइल्स होत्या, लाखेचं काम होतं. ह्याला त्यांनीच नाव दिलं, आधुनिक प्रादेशिक वास्तुकला. आज रिसॉर्टच्या ब्रोशरमध्ये 'ट्रॉपिकल मॉडर्न' म्हणून जे चकचकीत विकतात, त्याचं हे पहिलं पान. तेव्हा बावांनी आर्किटेक्चर शिकायला सुरुवातही केलेली नव्हती.

मग वाटापुलुवाची सरकारी नोकरांची वसाहत, १९५५ ते ५८. दोनशेहून अधिक घरं. मिनेटबाईंनी काय केलं, तर राहायला येणाऱ्यांना आधी प्रश्नावल्या दिल्या. घरात माणसं किती, स्वयंपाक कशावर, पाहुणा आला तर कुठे बसतो? उत्तरं बघून मोजके नमुने काढले आणि ते उतारावर झाडं सांभाळत बसवले. आज कुठलाही स्टार्टअपवाला ह्याला 'यूजर रिसर्च' म्हणून प्रेझेंटेशन करेल. त्या भरलेल्या प्रश्नावल्या वाचायला किती मजा आली असती! पन्नासच्या दशकातल्या एका क्लार्कला घराकडून नेमकं काय हवं होतं, हे त्याच्याच अक्षरात.

१९५८ मध्ये उल्‌रिक प्लेस्नर हा तरुण डॅनिश आर्किटेक्ट मिनेटबाईंकडे काम करायला कँडीत आला. वर्षभराने तो कोलंबोला गेला आणि बावांचा भागीदार झाला. बावांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांवर त्याचा हात आहे. पुढे त्याने आठवणी लिहिल्या, २०१२ मध्ये पुस्तकही आलं. कागदांच्या जगात हे असं असतं. ज्याच्याकडे लिहून ठेवलेलं आहे, त्याची बाजू तरी राहते.

मिनेटबाईंचं काम साठच्या दशकात आटत गेलं. सत्तरच्या दशकात काही वर्षं त्यांनी हाँगकाँग विद्यापीठात शिकवलं. परतल्यावर कँडीत कला केंद्राची इमारत केली, १९८२ ते ८४. आम्ही संध्याकाळी तिथे गेलो. दळदा माळिगावाच्या बाजूला, तळ्याकाठी. रोज संध्याकाळी पर्यटकांसाठी कँडीचं नृत्य असतं, शेवटी निखाऱ्यांवर चालतात. हॉल भरलेला. कॅमेरे, मोबाइल, पॉपकॉर्न. शेकडो माणसं मिनेट डिसिल्वांच्या इमारतीत बसली होती आणि त्यांच्या नावाची पाटी शोधत आम्ही दोघी मात्र उगाच खांबांमागे हिंडत होतो. सापडली नाही. ढोल सुरू झाले, मग बसलो.

१९९६ मध्ये श्रीलंकेच्या आर्किटेक्टांच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिलं. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये कँडीच्या हॉस्पिटलात त्या गेल्या. लग्न नाही, मुलं नाहीत, पैसाही उरला नव्हता. बावांनाही मुलं नव्हती. पण ट्रस्ट होता. सेंट जॉर्जेसची पडझड झाली. बहुतेक नकाशे, हिशेब, प्रश्नावल्या, सगळं पांगलं.

रद्दी कोण ठरवतं?

हे फक्त श्रीलंकेचं दुखणं नाही. लुई कान १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर गेले, तेव्हा डोक्यावर डोंगराएवढं कर्ज होतं. कागद विकून देणी भागवायची वेळ आली. पण पेनसिल्व्हानिया राज्याने सगळा संग्रह विकत घेतला आणि तो फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात ठेवला. त्यात कान यांच्या हातची सहा हजारांवर ड्रॉइंग्ज आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या आयआयएमने कान यांची होस्टेलं पाडायचं ठरवलं आणि जगभर गदारोळ झाला, तेव्हा भांडणाऱ्यांच्या हाताशी हे कागद होते. आपले चार्ल्स कोरिया तर मुंबईचेच म्हणायचे. कंबाला हिलचं कांचनजंगा, बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, पुण्याचं आयुका, पणजीची कला अकादमी. त्यांनी आपली सहा हजारांहून जास्त ड्रॉइंग्ज दिली लंडनच्या संस्थेला. २०१३ मध्ये त्यांचं तिकडे मोठं प्रदर्शन झालं. बेलापूरच्या घराचा मूळ नकाशा बघायला विमान पकडायचं, हे मला खटकतं. पण इथे दिला असता तर कुठे दिला असता, हे कोणी पटकन सांगेल का?

फोर्टमधली किती जुनी ऑफिसं गेल्या तीस वर्षांत कॉम्प्युटरवर गेली. जागा महाग, नकाशांच्या नळकांड्या मोठ्या. मैत्रिणीच्या पहिल्या नोकरीत तिला दिलेलं पहिलं काम होतं, 'ते कोपऱ्यातलं सगळं रद्दीवाल्याला दे.' कागदाला किलोचा भाव आला. ट्रेसिंग त्याने घेतलं नाही, म्हणाला ह्याचा लगदा होत नाही.

खंड पहिला

मिनेटबाईंनी मात्र स्वतःच्या कागदांचं एक केलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी आपलं पुस्तक जुळवलं, 'द लाइफ अँड वर्क ऑफ अ‍ॅन एशियन वुमन आर्किटेक्ट'. १९९८ मध्येच ते निघालं. आत्मचरित्र म्हणावं तर वाचायला गेल्यावर गोंधळ उडतो. हे पुस्तक चिकटवहीसारखं आहे. पत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, आईवडिलांचे फोटो, नकाशे, प्रवासातल्या नोंदी, सगळं शेजारी शेजारी लावलंय आणि मधे त्यांची वाक्यं. कोर्बुझिएने त्यांना लिहिलेली पत्रंही त्यात आहेत. दोघांची मैत्री तो १९६५ मध्ये जाईपर्यंत टिकली. त्यांनी त्याला लिहिलेली पत्रं पॅरिसला, त्याच्या फाउंडेशनमध्ये, नंबर देऊन ठेवलेली आहेत. कारण त्याने कागद सांभाळायची तजवीज हयातीतच करून ठेवली होती.

आता मिनेटबाईंवर काम करणारे सगळे ह्या एका पुस्तकापाशी येतात. शिरोमी पिंटो यांनी २०१९ मध्ये त्यांच्यावर कादंबरी लिहिली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'मोमा'ने दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर इमारतींचं प्रदर्शन भरवलं, त्यात कोरिया-दोशींच्या पंगतीला मिनेट डिसिल्वाही होत्या.

पुस्तक सहजासहजी मिळत नाही. आम्हाला ते कँडीहून परतल्यावर कोलंबोत एका वयस्क आर्किटेक्टच्या घरी बघायला मिळालं. त्यांनी आधी हात धुऊन यायला सांगितलं, मग टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला आणि त्यावर ते ठेवलं. मैत्रीण मुंबईची पानं शोधत होती. मी आपली पहिल्या पानापासून निघाले. नाव, लेखिका, आणि त्याखाली 'खंड १'. दुसरा कुठेय, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "तो त्या लिहिणार होत्या."